कॅहलची पेटी पुढच्या रस्त्याने

माझ्या बहिणीच्या घरातून दोन शवपेट्या निघाल्या. पहिली तिच्या नवऱ्याची, दुसरी तिच्या मुलाची. दोघांनाही गोळ्या घातल्या होत्या आणि दोघंही कुणाच्या अध्यात ना मध्यात. फरक एवढाच, की नवऱ्याला पलीकडच्यांनी मारलं आणि मुलाला आपल्यांनी. हा फरक तुम्हाला किरकोळ वाटत असेल तर तुम्ही बेलफास्टच्या ब्रॅकन स्ट्रीटवर राहिलेला नाहीत.

फेलिम, म्हणजे डिंफनाचा नवरा, दुधाची गाडी चालवायचा. दोन वस्त्यांमधल्या भिंतीपलीकडच्या प्रोटेस्टंट बंदूकवाल्यांनी त्याला गाडीतच टिपला, कारण तो कॅथलिक होता आणि दुसरं कुणी समोर आलं नव्हतं. त्या वेळी आमच्या रस्त्याने काय दुःख केलं! प्रत्येक खिडकीत काळं निशाण. दुकानं बंद. बिशप स्वतः हजर. आमच्याकडे पेटी घरापासून चर्चपर्यंत खांद्यावर नेतात; सहाजण उचलतात, थोडं चालतात, मागचे सहा पुढे येतात. फेलिमच्या पेटीला खांदा द्यायला पुरुष एकमेकांना ढकलत होते. पावलापावलाला खांदेकरी बदलत होते. कित्येकांना नुसता हात लावायला मिळाला आणि तेवढ्यावर ते वर्षभर पबमध्ये बोलत राहिले. कोपऱ्यावरच्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव कोरलं. डिंफनाला रस्त्यात बघून लोक टोप्या काढायचे.

आणि कॅहल? त्याची चूक सांगते. शांततेचा करार होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, सगळ्यांच्या हातात हात वगैरे. चिप्सच्या दुकानाबाहेर कोलंबा टिअर्नी एका पोरीला, उना तिचं नाव, थोबाडीत मारत होता. कॅहलनं त्याला मागे ओढलं. कोलंबा दारूत होता, घसरला आणि तोंडावर पडला. पुढचा दात तुटला. रांगेतले लोक हसले.

एवढंच. ते हसणं महागात पडलं. कारण कोलंबाचा थोरला भाऊ युजीन टिअर्नी. आमच्याकडे आपल्या बाजूच्या बंदूकवाल्यांच्या संघटनेला कुणी संघटना म्हणत नाही, 'पोरं' म्हणतात. 'पोरांच्या कानावर घाल', 'पोरं बघून घेतील'. ही पोरं म्हणजे पोटं सुटलेली, गुडघे दुखणारी, पन्नाशीची माणसं. आणि त्या पोरांचा आमच्या भागातला बाप म्हणजे युजीन. दिवसा तो समाजकार्यकर्ता असतो. म्हाताऱ्यांच्या सहली काढतो.

रविवारी संध्याकाळी कॅहलला घरामागच्या गल्लीत नेलं आणि दोन्ही पायांत गोळ्या घातल्या. नेहमीची शिक्षा. माणूस जन्मभर लंगडतो आणि रस्ता शहाणा होतो. पण या वेळी मांडीतली मोठी नस फुटली. गल्लीला लागून सगळ्यांची स्वयंपाकघरं. सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. डिंफना त्याच्या मांडीवर भांडी पुसायचं फडकं दाबून ओरडत होती आणि भिंतीच्या त्या बाजूला कुठल्यातरी विनोदी कार्यक्रमात लोक हसत होते. रुग्णवाहिका येईपर्यंत पोरगा संपला होता.

डिंफनाची एकच मागणी होती. ती पोलीस म्हणाली नाही, न्याय म्हणाली नाही. म्हणाली, "त्याला बापासारखा न्यायचा. पुढच्या दारातून, पुढच्या रस्त्याने, खांद्यावरून. गाडीत घालून मागल्या बाजूने नाही न्यायचा मला."

आता खांदा द्यायला सहाजण हवेत. आमचा एक भाऊ मेला, दुसरा अमेरिकेत कागदपत्रांशिवाय बसलेला. आला तर परत जाता येणार नाही. डिंफनाला कॅहल आणि ब्रोना, दोनच लेकरं. म्हणजे सगळी मदार रस्त्यावर.

रस्ता आला. आला ना! मयताच्या घरी न येणं आमच्यात बसत नाही. फक्त पुढच्या दाराने कुणी आलं नाही. पुढचं दार सताड उघडं, बैठकीत कॅहलची पेटी, मेणबत्त्या, आणि रस्ता रिकामा. सगळे मागच्या गल्लीतून, स्वयंपाकघराच्या दाराने. हातात सँडविचचे ट्रे. समोरच्या घरातली अट्रॅक्टा टोनर सगळ्यात आधी आली. तिच्या ट्रेमध्ये हॅम, अंडं, पावाच्या कडा कापलेल्या.

"पुढचं दार उघडं आहे, अट्रॅक्टा," मी म्हटलं.

"हो गं, सेप्टा, पण हातात ट्रे असला की मागूनच सोपं पडतं."

"रस्ता ओलांडला की आमचं दार. तू अख्ख्या रांगेला वळसा घालून आलीस?"

"तेवढंच चालणं होतं."

"गल्लीतलं रक्त अजून धुतलेलं नाही. त्यावरून आलीस?"

"तू पण ना! मी कडेकडेनं आले."

कडेकडेनं! मी तिच्या हातातून ट्रे घेतला, नाहीतर तो तिच्या डोक्यात घातला असता. ती बैठकीत गेली, गुडघ्यांवर बसली, खरंखुरं रडली. रडणं खोटं नव्हतं, तेच तर चीड आणणारं आहे. मग स्वयंपाकघरात येऊन चहात साखर ढवळत मला म्हणाली, "सोन्यासारखं पोर. पण एक बोलू का, रागावू नकोस. ती पोरं उगाच कुणाच्या वाटेला जात नाहीत. काहीतरी असेलच."

"काय असेल?"

"मला काय माहीत? लोक म्हणतात, गोळ्यांचं काहीतरी होतं. नशेच्या."

"कोण लोक?"

"लोक गं!"

काल दुपारपर्यंत कॅहल काचा बसवणारा पोरगा होता. अट्रॅक्टाच्या न्हाणीघराची काच त्यानेच फुकट बसवून दिली होती. आज तो नशेच्या गोळ्या विकत होता. हे 'काहीतरी' मी जन्मभर ऐकत आले. कुणाचे गुडघे फुटले, काहीतरी केलं असेल. कुणाला शहरातून हाकललं, काहीतरी केलं असेल. कारण त्याने काही केलं नसेल तर उद्या माझ्या पोराचीही पाळी येऊ शकते, आणि ते सहन होण्यासारखं नाही. म्हणून मेलेल्यालाच अपराधी ठरवायचं. सोपं, स्वस्त, आणि टिअर्नीला बोट उचलावं लागत नाही. त्याच्यासाठी आपणच राबतो.

दुपारी पुढच्या दारातून पहिला माणूस आत आला. उंच, लालसर, कोट हातावर, कुणाकडे बघावं ते न कळणारा. सगळी बैठक त्याच्याकडे वळली.

"मी कॅहलबरोबर काचांच्या कामावर होतो," तो म्हणाला.

"हो का? नाव काय म्हणालात?" अट्रॅक्टाने विचारलं. आमच्याकडे नाव विचारणं म्हणजे नाव विचारणं नसतं.

"मर्विन."

खोलीत चमचासुद्धा वाजेना. मर्विन नावाचा कॅथलिक अजून जन्माला यायचाय.

डिंफनाने उठून त्याचा हात धरला. "ये बाळा. तुझ्याबद्दल बोलायचा तो. म्हणायचा, मर्विनला उंचीची भीती वाटते आणि शिडीवर मलाच चढवतो."

"खरं आहे ते, मिसेस लॉक्रन," म्हणताना त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला. दोघं भिंतीच्या दोन्ही बाजूंना काचा बसवायचे. इकडची पोरं तिकडे दगड मारायची, तिकडची इकडे, आणि दुसऱ्या दिवशी दोघं शिडी घेऊन दोन्हीकडे.

तेवढ्यात जपमाळ सुरू झाली. सगळे गुडघ्यांवर. मर्विन एकटा उभा, कुंपणात अडकलेल्या गाईसारखा. बसावं तर धर्म बुडतो, उभं राहावं तर शिष्टपणा दिसतो. शेवटी तो अर्धवट वाकून, खुर्चीची पाठ धरून राहिला, आणि आमची जपमाळ काही लवकर संपत नाही. मधेच ब्रोनाला हसू फुटलं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा.

प्रार्थना संपल्यावर डिंफनाने त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि सरळ विचारलं, "उद्या खांदा देशील?"

त्याचा लाल चेहरा पांढरा पडला. "टीव्हीवाले येतील का?"

"येतील."

"मिसेस लॉक्रन, आमच्याकडेही हीच माणसं आहेत. नुसती निशाणं वेगळी. गेल्या उन्हाळ्यात आमच्याच लोकांनी आमच्याच गल्लीतला एक पोरगा लाकडाच्या फळ्यांनी मारला. खिळे होते फळ्यांना. माझी बायको म्हणाली, काहीतरी केलं असेल त्यानं. मी गप्प बसलो. उद्या मी टीव्हीवर कॅथलिक पेटीखाली दिसलो तर रात्री माझं घर जळेल. दोन पोरी आहेत मला."

"मग नको," डिंफना म्हणाली. "खरं बोललास. इथे सकाळपासून कुणी तेवढंही बोललेलं नाही."

जाताना तो मागच्या दाराने गेला. एका दुपारीत आमच्यातलाच झाला बिचारा.

संध्याकाळी युजीन टिअर्नी आला. पुढच्या दाराने, हळू, सूट-टाय, छातीवर टोपी. त्याला कोण अडवणार? आणि मयताच्या घरातून कुणाला हाकलायचं नाही, हा आमचा रिवाज. तो त्याने पुरता ओळखलेला. लोक उठले. मी डोळ्यांनी पाहिलं, त्याला बसायला तीन खुर्च्या रिकाम्या झाल्या. अट्रॅक्टाने सँडविचची बशी पुढे केली. कॅहल तिथेच पडला होता, हातभर अंतरावर, कमरेखाली चादर ओढलेली.

युजीनने पेटीसमोर क्रूसाची खूण केली. मग डिंफनासमोर येऊन हात पुढे केला. "तुझ्या दुःखात सहभागी आहे, डिंफना."

तिने टेबलावरचा रिकामा कप उचलून त्याच्या पसरलेल्या हातात ठेवला. "चहा मिळेल, युजीन. या घरातून कुणी उपाशी जात नाही. हात नाही मिळणार."

त्याने कप खाली ठेवला. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "जे झालं ते व्हायला नको होतं. कुणाचाच तो उद्देश नव्हता."

"उद्देश काय होता?"

"डिंफना, मी भांडायला आलेलो नाही. ऐकलं, की उद्या खांदेकरी नाहीत. माझी सहा माणसं येतील. काळे टाय, चांगले कपडे. मागे आणखी सहा. ते उठले की अख्खा रस्ता उठेल, हे तुलाही माहीत आहे. फेलिमसारखी निघेल पोराची पेटी. दुकानंही बंद राहतील."

"आणि मी काय करायचं?"

"काहीच नाही. तेच तर म्हणतोय. कुणाशी काही बोलायचं नाही. घरातलं दुःख घरात राहू दे."

त्यानंतर जे झालं त्याबद्दल मी या रस्त्याला मरेपर्यंत माफ करणार नाही. खोलीभर सुटकेचा श्वास पसरला. सगळ्यांच्या खांद्यांवरून ओझं उतरलं, ज्या खांद्यांवर ते चढलंच नव्हतं. "घे गं, डिंफना." "पोराकडे बघ, आपला राग बाजूला ठेव." "माणूस स्वतः आलाय, मोठेपणा आहे त्याचा." मोठेपणा! आमच्या फादरनीसुद्धा गाल खाजवत म्हटलं, "समेटाचं पहिलं पाऊल कुणीतरी टाकावं लागतं."

"फादर," मी म्हटलं, "पाऊल टाकायला कॅहलचे पाय कुठे शाबूत ठेवलेत?"

मला भीती वाटली. माझी बहीण थकली होती आणि त्याने तिला हवं तेच ताटात वाढून आणलं होतं: पुढचं दार, पुढचा रस्ता, पुरुषांचे खांदे, बापासारखा मान. तिने पेटीच्या कडेवर हात ठेवला, कॅहलचे केस नीट केले.

"युजीन," ती म्हणाली, "त्याला गल्लीत नेताना किती माणसं होती?"

त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"त्यांच्यातलेच सहा येणार का? की ते वेगळे आणि हे वेगळे? नाही, मला समजून घ्यायचंय. पायांकडून कोण धरेल आणि डोक्याकडून कोण?"

"डिंफना..."

"एकदा उचललंत त्याला. पुरे झालं. ऊठ माझ्या घरातून."

तीन पिढ्यांत कुणाला मयताच्या घरातून काढलं नव्हतं. लोक तिच्याकडे असे बघत होते, जणू गुन्हा तिनेच केला. युजीनने टोपी घातली. दारात वळून एवढंच म्हणाला, "ठीक आहे. बघू कोण खांदा देतं ते." तो गेल्यावर दहा मिनिटांत घर रिकामं. मागच्या दाराने, कडेकडेनं. सँडविच मात्र ठेवून गेले, गाडीभर.

सकाळी मयताचं सगळं बघणारा पेटीवाला मॅलकी आला. "बायांनो, माझी गाडी मागे उभी आहे. ऐका माझं. मी खांदा देऊ शकत नाही, माझं गोदाम टिअर्नीच्या भागात आहे. पण दोन उंच स्टुलं आणलीत. थकलात तर पेटी ठेवायला."

"तू भला माणूस आहेस, मॅलकी," डिंफना म्हणाली. माझं मत वेगळं होतं, पण स्टुलं उपयोगाची होती.

डिंफना, मी, ब्रोना. तिघींनी पेटी उचलता येते का म्हणून पाहिलं. उचलली जाईना. एवढ्यात पुढच्या दारात उना उभी. गाल अजून निळा. मागून तिची आई रस्त्याच्या टोकावरून ओरडत होती, "घरी चल, कारटे! आम्हा सगळ्यांना मारणार आहेस का?"

"मी घेते मागची बाजू," उना म्हणाली.

चार बायकांनी पेटी उचलली. माझा खांदा डिंफनाच्या खांद्यापेक्षा खाली, म्हणून पेटी तिरकी; आत कॅहल सरकल्याचं मला लाकडातून जाणवलं. ते कुणाला कधी जाणवू नये. आम्ही पुढच्या दारातून बाहेर पडलो.

आमच्याकडे मयत जाताना घरोघरी पडदे ओढतात. मान म्हणून. फेलिमच्या वेळीही ओढले होते, पण तेव्हा लोक पडद्यांच्या बाहेर होते. आज ब्रॅकन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना एकजात सगळे पडदे बंद आणि सगळी माणसं आत. उद्या विचारलं तर म्हणायला मोकळी: आम्ही मान दिला. मान! पडद्यांच्या फटींतून डोळे चमकत होते.

कोपऱ्यापर्यंत गेलो आणि ब्रोनाचे गुडघे वाकले. मॅलकीने स्टुलं सरकवली. पेटी रस्त्याच्या मधोमध ठेवली. समोर युजीनची माणसं हात बांधून उभी. टीव्हीवाले पलीकडच्या फुटपाथवर. बस थांबली, मागे मोटारी. चर्च चढावर, अजून निम्मा रस्ता बाकी.

युजीन पुढे आला. हलक्या आवाजात म्हणाला, "झालं ना मनासारखं? दाखवलंस सगळ्यांना. आता आम्ही घेतो, त्याची अशी रस्त्यात विटंबना नको." आणि त्याने पेटीच्या कडीला हात घातला.

डिंफनाने झाकणावर तळवा ठेवला. तिने आवाज चढवला नाही, पण त्या शांततेत तो प्रत्येक पडद्यामागे गेला असणार.

"हात काढ. नाहीतर हे झाकण मी इथेच उघडेन आणि माझ्या पोराचे पाय या रस्त्याला दाखवीन. खोटं वाटत असेल तर ठेव हात."

त्याने तिच्याकडे पाहिलं, कॅमेऱ्यांकडे पाहिलं. हात काढला. मी युजीन टिअर्नीला मागे सरताना त्या दिवशी पाहिलं. फार नाही, दोन पावलं. पण ब्रॅकन स्ट्रीटनेही पाहिलं.

डिंफना मग रस्त्याकडे वळली. "मला दोन खांदे कमी पडतायत," ती पडद्यांना म्हणाली. "सँडविच पुष्कळ आहेत."

किती वेळ गेला ठाऊक नाही. बसचा ड्रायव्हर इंजिन बंद करून बसला. मग एक दार उघडलं, अट्रॅक्टाचं. बाहेर आली ती अट्रॅक्टा नव्हे, तिची सून, हात पिठाने भरलेले. आतून अट्रॅक्टा, "मेरीअन, आत ये, तुला सांगतेय!" सून म्हणाली, "तुम्ही दार लावून घ्या, आई, वारं येतंय." पाठोपाठ उनाची आई आली, लेकीला शिव्या देत, रडत, आणि तिच्या शेजारी पेटीखाली शिरली. "एकटीला मरू देते का तुला, मूर्ख!" मग आणखी दोघीतिघी.

टाळ्या वाजवू नका. सगळ्या बायका होत्या. त्यांचे नवरे, दीर, भाऊ, फेलिमच्या पेटीला हात लावून वर्षभर मिरवणारे, पडद्यामागेच राहिले. चढावर आम्ही खांदे बदलत गेलो, वेड्यावाकड्या, ठेचकाळत. आणि कॅहल पुढच्या रस्त्याने चर्चमध्ये पोचला. त्याला मारणाऱ्यांचा हात त्याला लागला नाही. डिंफनाला हवं होतं ते तिने मिळवलं.

बाकी काही बदललं नाही. साक्ष द्यायला आजवर उनाखेरीज कुणी गेलं नाही. ती गेली, तर दुसऱ्या आठवड्यात तिला शहर सोडावं लागलं. युजीन म्हाताऱ्यांच्या सहली काढतो. अट्रॅक्टा अजूनही सहलीला जाते.

पण परवा पबमध्ये मी काय ऐकलं ते सांगते. परगावचा एक पाहुणा आला होता, आणि आमच्या रस्त्यावरचे दोन बापये त्याला सांगत होते, "लॉक्रनच्या पोराचं मयत ना? काय दिवस होता तो! अख्खा रस्ता उठला. आम्ही दोघांनी खांदा दिला, चढावर."

मी माझा ग्लास घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. "कुठल्या बाजूला होतास रे तू?" मी विचारलं. "माझ्यापुढे की मागे?"

एकजण ग्लासात बघायला लागला. दुसरा हसून म्हणाला, "जाऊ दे ना, सेप्टा. जुनं झालं ते आता."

"जुनं नाही झालं," मी म्हटलं. "डावीकडे की उजवीकडे, तेवढं सांग." आणि खुर्ची ओढून तिथेच बसले. पाहुणा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. मला घाई नव्हती.